टेक्निक्स एसएल-१२००जीआर की रेगा प्लॅनर ६? खान्देशातल्या घरासाठी टर्नटेबल

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे भारी टर्नटेबल घेताना निकष बदलतात. मुंबई-पुण्यात विक्रेता घरी येऊन यंत्र लावून देतो, कुरकुर झाली तर उचलून नेतो. इथे खोका उघडण्यापासून सुईचं वजन लावण्यापर्यंत सगळं घरच्यांनाच करावं लागतं. वर वैशाखातलं ऊन, काळ्या मातीची धूळ आणि लहरी वीज आहेच. त्यामुळे निकाल आधीच सांगतो. घरात एलपींसोबत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या रेकॉर्डही असतील तर टेक्निक्स एसएल-१२००जीआर घ्यावं. फक्त एलपी ऐकायच्या असतील, कार्ट्रिज (सुई बसवलेला, आवाज उचलणारा भाग) वारंवार बदलायची नसेल आणि ठेवायला पक्की, समपातळीची जागा असेल तर रेगा प्लॅनर ६ मनापासून आवडेल.

पण त्याआधी एक खर्च वाचतो का ते बघा. सध्याच्या टर्नटेबलवर ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई असेल तर तिची पुढची सुई ओढून काढता येते आणि त्याच बॉडीवर व्हीएम९५एमएल बसते. ना स्क्रू, ना वायर. कंपनी स्वतः व्हीएम९५ईच्या लंबवर्तुळाकार सुईचं आयुष्य ३०० तास आणि व्हीएम९५एमएलच्या बारीक टोकाचं, म्हणजे मायक्रोलिनिअरचं, १,००० तास सांगते, म्हणजे महाग सुई तासाच्या हिशेबात फारशी महाग पडत नाही. ऑर्टोफॉनमध्येही असंच आहे: २एम रेडच्या बॉडीवर ब्लूची सुई बसते, ब्राँझच्या बॉडीवर ब्लॅकची. बाजू संपत आली की गायिकेचे ‘स’ आणि ‘श’ फाटतात, ही तक्रार असेल तर नव्वद टक्के दोष सुई नाहीतर तिची बसवणूक यातच सापडतो. नवं टर्नटेबल आणून त्यावर तीच सुई लावली तर ‘श’ तसाच फाटेल.

टर्नटेबल बदलण्याची खरी कारणं वेगळी. संथ आलापात सूर लाटेसारखा हलणं, शांत जागी घरघर ऐकू येणं, टोनआर्मच्या, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला खेळ असणं, आणि ७८ चा वेग नसणं. सूर हलण्याबाबत एक सावधगिरी बाळगा. ३३⅓ वेगाला रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण होतो. सूर नेमका त्याच ठेक्यात वर-खाली होत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. आपल्याकडच्या जुन्या दाबणीत हा दोष बराच आढळतो आणि तो कुठल्याही किमतीच्या यंत्राने जात नाही. दुसरी रेकॉर्ड लावून खात्री करा, मगच पैसे काढा.

आता जीआरकडे. एसएल-१२०० ही मालिका १९७२ची, २०१० मध्ये बंद पडली, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जीआर २०१७ मध्ये आलं. पुढे २०२३ मध्ये जीआर२ आलं, त्यात मोटर चालवणारी यंत्रणा आणि वीजपुरवठ्याचा भाग नवा आहे. जुनं जीआर शिल्लक साठ्यात स्वस्त मिळत असेल तर नि:शंक घ्या. मोटर कोअरलेस डायरेक्ट ड्राइव्ह, टॉर्क २.२ किलो-सेंटिमीटर, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी) रबरी मॅटसह अडीच किलोचा, वेगाची थरथर ०.०२५ टक्के. बटण दाबल्यावर पाऊण सेकंदाच्या आत प्लॅटर पूर्ण वेगात. वेग क्वार्ट्झवर बांधलेला असल्याने विजेची फ्रीक्वेन्सी इकडेतिकडे झाली तरी फरक पडत नाही. बेल्ट नाही, म्हणून उन्हाळ्यात ढिला पडायला काही नाही. ऐकताना ठळक जाणवते ती खालच्या सुरांची पकड: तबल्याचा बायां दाबून घुमवलेला असेल तर तो पसरत नाही, आणि पियानो-हार्मोनियमचा लांबलेला सूर काठीसारखा सरळ राहतो. रेगाच्या मानाने मधल्या पट्टीत जरा कोरडेपणा आहे, हे मात्र खरं. चांगल्या कार्ट्रिजने तो बराच भरून निघतो.

खान्देशात या यंत्राचं पारडं जड होतं ते ७८ मुळे. जुन्या वाड्यांतून, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्यांतून निघणाऱ्या लाखेच्या रेकॉर्ड अजून पुष्कळ घरांत आहेत. जीआरवर ३३ आणि ४५ ही दोन्ही बटणं एकदम दाबली की ७८ चा वेग मिळतो. दुसरी सोय म्हणजे निघणारं हेडशेल, टोनआर्मच्या टोकाला कार्ट्रिज बसवायचा तुकडा. ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद, तिला साधारण ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. एलपीची सुई त्यात टाकली तर ती तळाशी घासत जाते, खरखर दुप्पट होते आणि सुईचं आयुष्य संपतं. म्हणून दोन हेडशेल ठेवा. एकावर एलपीची कार्ट्रिज, दुसऱ्यावर व्हीएम९५एसपी. तिला ५ ग्रॅम वजन लागतं, एलपीच्या अडीचपट, हा आकडा वाचून दचकू नका. ऑर्टोफॉनची २एम ७८ घेतली तर १.८ ग्रॅम पुरतं. हेडशेल बदललं की वजन आणि अँटिस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा ताण) दोन्ही पुन्हा लावायचे. हे विसरून ५ ग्रॅमवर एलपी लावली तर रेकॉर्ड आणि सुई दोघांचंही नुकसान, म्हणून दोन्ही आकडे कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवून टाका.

७८ ऐकताना अँपवर मोनोचं बटण असेल तर दाबा, खाचेतल्या उभ्या हालचालीची बरीच खरखर त्यानेच जाते. फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट, आरआयएए या ठरावीक वक्राने उच्च स्वर खाली ओढते, १० किलोहर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल. तो वक्र १९५४ नंतर सर्वमान्य झाला. त्याआधीच्या बहुतेक रेकॉर्डना उच्च स्वरांची तेवढी वाढ दिलेलीच नसते, त्यामुळे आवाज दबका येतो. ट्रेबल थोडा चढवा, एवढं पुरे.

रेगा प्लॅनर ६ ची गोष्ट वेगळी. पॉलियुरेथेन फोमची हलकी, ताठ बैठक, दोन थरांचा काचेचा प्लॅटर, आरबी३३० टोनआर्म आणि सोबत निओ पीएसयू हा वीजपुरवठ्याचा वेगळा डबा, ज्यामुळे ३३-४५ बटणावर बदलतात आणि वेग बारीक जुळवता येतो. गळ्यातली खर्ज, सारंगीची मींड, शब्दाच्या शेवटचा श्वास यांत प्लॅनर ६ जीआरपेक्षा पुढे आहे, असं आमचं मत. पण ७८ नाही. हेडशेल निघत नाही, म्हणजे कार्ट्रिज बदलायची तर केसासारख्या चार वायरी चिमट्याने काढून परत लावायच्या: पांढरी डावी प्लस, निळी डावी मायनस, लाल उजवी प्लस, हिरवी उजवी मायनस. टोनआर्मची उंची बदलायला आर्म सोडवून खाली २ मिलिमीटरची चकती घालावी लागते. आणि पाय फिरवून उंची जुळवता येत नाही, जागाच समपातळीत हवी. ही शेवटची अट वाचताना किरकोळ वाटते, पण तीच खान्देशात अडते.

कारण इथली जमीन. काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरची हलक्या पायाची घरं किंचित हलतात. जून महिन्यात बुडबुड्याच्या लेव्हलने तपासलेलं टेबल दिवाळीला तिरकं सापडू शकतं. तिरक्या टर्नटेबलवर अँटिस्केटचा हिशेब चुकतो, सुई एका भिंतीला जास्त रेलते आणि एका स्पीकरमधला ‘स’ आधी फाटतो. जीआरचे चारही पाय फिरतात, पाच मिनिटांचं काम. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, लेव्हल प्लॅटरवर दोन आडव्या-उभ्या दिशांना ठेवून बघा. रेगाखाली मात्र फळीलाच पातळ पत्र्याच्या चकत्या द्याव्या लागतील.

जागेसाठी सगळ्यात उत्तम वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आधीच असते: भिंतीत रोवलेला कडाप्पा. तसाच एक कडाप्पा बैठकीच्या जाड भिंतीत, कमरेच्या उंचीवर बसवून घ्यावा, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. पार्टिशनच्या भिंतीत नको. जीआर साडेअकरा किलोचं आहे, पण कडाप्प्याला ते काहीच नाही. जुन्या घराच्या माडीवर, लाकडी तक्तपोशीवर यंत्र ठेवायचं असेल तर जमिनीवरचं टेबल विसराच, कुणी चाललं की सुई उडेल. तिथे भिंतच हवी. भुसावळसारख्या ठिकाणी रुळांलगत घर असेल तर मालगाडी जाताना वूफरचा पडदा आत-बाहेर डोलतो का ते बघा. डोलत असेल तर अँपवरचं सबसॉनिक फिल्टर (कानाला न ऐकू येणारी खालची थरथर कापणारं) चालू करा. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच कडाप्प्यावर ठेवू नका. बंद प्लॅटरवर रेकॉर्ड ठेवून सुई टेकवा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा आणि कडाप्प्यावर बोटाने टिचकी मारा: ‘टक’ एवढंच आलं तर जागा योग्य, ‘टूँऽऽ’ असं लांबलं तर जागा बदला.

लिन सोंडेक एलपी१२ ची चौकशी करणारेही असतात. यंत्र थोर, पण स्प्रिंगवर तरंगणारं, आणि ते जुळवणं हे शिकलेल्या हाताचं काम. जवळ विक्रेता नसताना घेऊ नये. निम्म्या बजेटमध्ये प्रो-जेक्ट डेब्यू कार्बन इव्हो चांगलं: पाय फिरतात, ३३-४५ बटणावर, ७८ साठी वेगळा बेल्ट सोबत येतो, हेडशेल मात्र निघत नाही.

जीआरसोबत कार्ट्रिज येत नाही आणि फोनो स्टेजही आत नसते, हा खर्च आधी धरा. कार्ट्रिज निवडताना आर्म आणि कार्ट्रिजची जोडी किती हर्ट्झला स्वतःच डोलते, ही आकडेमोड करावीच. १५९ भागिले वर्गमूळ, आणि त्या वर्गमुळात एकूण वजन गुणिले कम्प्लायन्स, म्हणजे सुईच्या दांडीची लवचिकता. उत्तर ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवं. जीआरचा आर्म हेडशेल धरून सुमारे १२ ग्रॅम, २एम ब्लू ७.२, स्क्रू पाऊण ग्रॅम, म्हणजे २०. कम्प्लायन्स २०. वर्गमूळ २०, उत्तर ८ हर्ट्झ. काठावर, पण चालतं. व्हीएम९५एमएल ६.१ ग्रॅमची, तिचा कम्प्लायन्स कंपनी १० छापते, पण तो १०० हर्ट्झला मोजलेला. १० हर्ट्झसाठी दीडपट ते पावणेदोनपट धरला की उत्तर ९ च्या आसपास येतं. वाकड्या रेकॉर्डवर हीच जास्त शांत चालते, आणि उन्हाने वाकलेल्या रेकॉर्डना इथे तोटा नाही. आमची पसंती व्हीएम९५एमएलला. आपल्याकडच्या जुन्या एलपी बहुधा चार-पाच ग्रॅमच्या जाड सुयांखाली झिजलेल्या असतात. मायक्रोलिनिअर टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या जागी टेकतं, त्यामुळे काही रेकॉर्ड एकदम स्वच्छ वाजतात. काही मात्र जास्त खराब वाजतात, कारण झीजही जास्त स्पष्ट ऐकू येते. अशा रेकॉर्डसाठी डेनॉन डीएल-१०३ ची गोल सुई बरी, पण तिचं आउटपुट फक्त ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे ६० डेसिबलच्या आसपासची एमसी (मूव्हिंग कॉइल) फोनो लागेल.

व्हीएम९५ आणि २एमसारख्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजला फोनोचा ४७ किलोओहमचा भार आणि ४० डेसिबल गेन पुरतो. बघायची गोष्ट कपॅसिटन्स, केबल आणि फोनोचा विद्युतभार साठवण्याचा गुण. व्हीएम९५ ला केबल आणि फोनो मिळून १०० ते २०० पिकोफॅरड हवेत, २एमला १५० ते ३००. लांब स्वस्त केबल लावली की बेरीज वर जाते आणि व्हीएम९५ चे वरचे सूर टोचायला लागतात. कार्ट्रिज ‘कर्कश’ म्हणून विकण्याआधी केबल मीटरभराची करून बघा.

बसवणूक. सुईचं टोपण लावूनच कार्ट्रिज हेडशेलला अडीच मिलिमीटरच्या स्क्रूंनी हलकेच धरा. टेक्निक्सच्या मापाप्रमाणे हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर अंतर हवं. कार्ट्रिज पुढेमागे सरकवून ते जुळवा, समोरून सरळ आहे ना ते बघा, मग स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळा. हे माप आतल्या खाचांना झुकतं देणारं आहे, आणि सिनेमाच्या एलपींवर शेवटचं गाणं लेबलला चिकटलेलं असतं, तेव्हा ते आपल्या फायद्याचंच. बेअरवाल्डच्या मापाने, म्हणजे मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर सुई खाचेला अगदी सरळ राहील असं, जुळवलं तर मधली गाणी अधिक नितळ लागतात. दोन्ही बरोबर.

मग अँटिस्केट शून्यावर ठेवून मागचं वजन फिरवा, आर्म हवेत आडवा तरंगला की आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि हवं तेवढं वजन चढवा. चकतीचा आकडा अंदाजाचा असतो, तपासावा लागतो. जळगावात सराफाकडे मिलिग्रॅमचा काटा असतो, तेव्हा आर्मसकट टर्नटेबल तिकडे नेण्याची कल्पना कुणाच्याही मनात येईल, पण तो काटा कामाचा नाही. त्याचं पारडं उंच, सुई रेकॉर्डच्या उंचीवर टेकत नाही, आणि पारडं स्टीलचं असलं तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढून आकडा चुकवतं, एमसीमध्ये तर फारच. ०.०१ ग्रॅमचा सुईचाच छोटा काटा मागवा, तो काही महाग नाही. अँटिस्केटचा आकडा वजनाएवढाच ठेवून सुरुवात करा. शेवटी उंचीची कडी फिरवून रेकॉर्डवर टेकलेला आर्म बाजूने बघितल्यावर समांतर दिसेल असा करा. जीआरवर ही कडी ६ मिलिमीटरपर्यंत चढते.

वेग तपासायला कागदी स्ट्रोबोस्कोप छापणार असाल तर ५० हर्ट्झचा घ्या, ३३⅓ साठी १८० रेघांचा. इंटरनेटवरून अमेरिकन उतरवला तर त्यात २१६ रेघा असतात आणि ठणठणीत टर्नटेबलही जोरात चाललंय असं वाटतं. शिवाय बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा स्थिर दिसतच नाहीत, जुना पिवळा बल्ब लागतो.

आता वीज. रब्बीत रात्री पंप चालू झाले की त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या घरात व्होल्टेज खचतं, आणि न्यूट्रल तुटला की उलट ४०० च्या दिशेने चढतं. नुसता स्पाइक गार्ड पुरत नाही, कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारा संरक्षक हवाच. जीआरचा बोर्ड जळला तर गावातल्या मेकॅनिककडे त्याला उपाय नाही, ही या यंत्राची खरी उणी बाजू. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर अँपचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ते गुणगुणणं फोनोत शिरतं. कूलर त्याच लाइनवर असेल तर पंप सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये ‘टप्’ येतो. कूलर दुसऱ्या सर्किटवर घ्या आणि त्याचा झोत टर्नटेबलवर येऊ देऊ नका. पाण्याचे कण वाळून क्षाराचे पांढरे ठिपके रेकॉर्डवर राहतात.

हम, म्हणजे स्पीकरमध्ये विजेची गुणगुण, येत असेल तर आधी बघा, टर्नटेबलची बारीक अर्थ वायर फोनोच्या स्क्रूला लागली आहे का. ती भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थला जोडू नका, त्याने हम वाढतो. तरीही गेला नाही, आणि विशेष म्हणजे फक्त एप्रिल-मेमध्ये येतो, तर घराचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असणार. मीठ-कोळसा ताजा करून बादलीभर पाणी ओता.

रेकॉर्ड पीव्हीसीची, म्हणजे जळगावातल्या पाइपांचीच जातभाई, आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात उन्हात उभ्या कारमध्ये तेवढं तापमान सहज होतं. मागवलेल्या रेकॉर्ड बसच्या डिकीतून आणू नका. कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे जिनिंगचा कापूस आणि धूळ एलपीला चिकटते, कोरड्या फडक्याने ती आणखी घासली जाते. ओलं धुवायचं तर बॅटरीचं पाणी चालतं, पण आधी एक थेंब काचेवर वाळवा, डाग राहिला तर ते पाणी नको. एलपीसाठी त्यात दहावा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालता येतं. ७८ ला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख त्यात विरघळते.

खरेदी करताना मागच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट छापलंय ना ते बघा. परदेशातून नातेवाइकाकडून आणवलेलं यंत्र १००-१२० चं असू शकतं. आणताना प्लॅटर, मागचं वजन आणि हेडशेल काढून वेगळं बांधा, आर्म क्लिपमध्ये अडकवून वर कागदी पट्टीने बांधा, आणि मूळ खोका टाकू नका, कारण दुरुस्तीला पाठवायचं झालं तर त्यातूनच जाणार.

जुनं एसएल-१२००एमके२ मिळालं तर तेही घेण्यासारखं, फक्त डीजेच्या हातातून आलेलं असतं हे धरून तपासा. आर्म दोन बोटांत धरून पुढेमागे हलवा, जराही टकटक जाणवली तर सोडून द्या. पिच पट्टी शून्यावर असताना प्लॅटरच्या कडेचे ठिपके स्थिर दिसायला हवेत. हेडशेल हलवल्यावर एक चॅनल जात असेल तर बहुतेक वेळा फक्त संपर्काच्या पिना काळ्या पडलेल्या असतात, खोडरबराने घासून बघा, किंमत पाडायला तेवढं कारण पुरतं. काही आवृत्त्यांत व्होल्टेजचा खटका प्लॅटरखाली असतो, प्लॅटर उचलून तो २४० कडे आहे ना हे बघितल्याशिवाय प्लग लावू नका.